फोटो आनंदीबाईंचा, गोष्ट रखमाबाईंची

मार्च आला की महिला दिनाच्या पोस्ट सुरू होतात आणि तोच घोळ पुन्हा दिसतो. मजकूर डॉक्टर रखमाबाई राऊतांचा, वर फोटो आनंदीबाई जोशींचा. दरवर्षी दुरुस्त करून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहितेय.

आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत; कल्याण, गोपाळराव, अमेरिका, सगळं पाठ असतं. रखमाबाई त्यांच्याहून चारच महिन्यांनी मोठ्या. दोघींची लग्नं लहानपणी झाली, दोघी परदेशात शिकल्या. आनंदीबाईंना नवऱ्याने शिकवलं, रखमाबाई नांदायला नकार देऊन कोर्टात लढल्या. इथवर कुणी फारसं चुकत नाही.

चुकतात ते ‘पहिली डॉक्टर’ या दोन शब्दांपाशी. तो प्रसिद्ध फोटो नीट बघा. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या इस्लामबुली. फोटोखालच्या ओळीत तिघींच्या नावांमागे ‘डॉ.’ आहे, आणि आनंदीबाई अमेरिकेला जाण्याआधी जिथे राहत होत्या त्या बंगालमधल्या सेरामपूरचं स्पेलिंग चुकून ‘सेरानिसोर’ झालंय. पण त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती! आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे आपण ज्याला ‘डॉक्टर आनंदीबाईंचा फोटो’ म्हणतो, तो वीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा आहे. पदवीनंतर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली होती, पण क्षयाने खंगूनच त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. रुग्ण तपासायला त्या रुजू होऊच शकल्या नाहीत.

रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि आधी सुरत, मग राजकोट अशी तीन दशकांहून जास्त काळ बायकांची इस्पितळं चालवली. पदवीत आनंदीबाई आधी, प्रत्यक्ष कामात रखमाबाई. मात्र रखमाबाईंनाही ‘प्रॅक्टिस करणारी पहिली भारतीय स्त्री’ म्हणू नका. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली त्यांच्याआधीपासून रुग्ण बघत होत्या. ‘पहिली’ या शब्दाचा हा हव्यास मला मुळीच आवडत नाही, त्यापायी एकीचं आयुष्य दुसरीच्या नावावर चढतं.

तो फोटो लावायचा असेल तर खाली ‘आनंदीबाई जोशी, वैद्यकीय विद्यार्थिनी, फिलाडेल्फिया, १८८५’ एवढंच लिहा. आणि रखमाबाईंच्या मजकुरावर रखमाबाईंचाच फोटो लावा. तोही मिळतो.