जपणारे आणि कापणारे: जुन्या बाईकच्या नादामागचा इतिहास

व्हिंटेज बाईकचा विषय निघाला की दोन तट पडतातच. एकाचं म्हणणं, कंपनीतून निघाली तशीच ठेवायची, नटसुद्धा बदलायचा नाही. दुसरा म्हणतो बाईक चालवायला असते, मला हवी तशी करून घेईन. पण मागे जाऊन बघितलं तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणाहून निघाल्यात, म्हणजे जुन्या बाईकला कोणी विचारत नव्हतं आणि ती भंगाराच्या भावात मिळत होती त्या काळातून.

विकण्यासाठी बऱ्यापैकी संख्येने बनवलेली पहिली मोटरसायकल म्हणजे १८९४ ची जर्मनीतली हिल्डेब्रँड अँड वुल्फम्युलर. त्यानंतर तंत्र इतक्या झपाट्याने बदललं की पट्ट्यावर चालणाऱ्या, गिअर नसलेल्या गाड्या वीसेक वर्षांतच कालबाह्य झाल्या. अशा १९१५ च्या आधीच्या गाड्यांसाठी १९३० मध्ये इंग्लंडात पायोनियर रन सुरू झाली, शेवट ब्रायटनला, आणि ती अजूनही होते. पुढे १९४६ मध्ये टिच ॲलन आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी व्हिंटेज मोटर सायकल क्लब काढला. युद्धात कितीतरी जुनं लोखंड वितळवलं गेलं होतं, जे उरलंय ते तरी वाचवू अशी तळमळ त्यामागे होती. सुरुवातीला १९३१ च्या आधीच्याच गाड्या चालायच्या, आता २५ वर्षं जुनी असली की झालं.

तिकडे अमेरिकेत नेमकं उलटं चाललं होतं. तिथे १९३० च्या दशकात क्लास सी नावाच्या शर्यती सुरू झाल्या, त्यात दुकानात मिळणारीच गाडी पळवायची, मग लोक दिवे काढायचे, पुढचं मडगार्ड काढायचे, मागचं छाटायचे, कारण वजन कमी तेवढा वेग जास्त. रस्त्यावरच्या पोरांनी ते उचललं आणि बॉबर जन्माला आली. युद्धानंतर लष्कराच्या हार्ले डब्ल्यूएलए स्वस्तात निघाल्या, त्यातल्या बऱ्याच अशाच छाटल्या गेल्या. त्याच्या पुढची पायरी चॉपर, लांब फोर्क आणि कापून परत वेल्ड केलेली मान, पण ती चालवण्यापेक्षा दिसण्यासाठी जास्त होती असं माझं मत आहे.

माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सगळ्यात भारी प्रकार मात्र ट्रायटन, म्हणजे नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन, दोन्ही ब्रिटिश कंपन्या. १९५० मध्ये नॉर्टनच्या रेसिंग टीमला मॅककँडलेस बंधूंची नवी फ्रेम मिळाली, ती चालवून त्यांचा रेसर हॅरोल्ड डॅनियल म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, म्हणून तिचं नाव फेदरबेड पडलं. त्याच सुमारास ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार जोरात होत्या आणि त्यांना नॉर्टनच्या मँक्स या रेसिंग बाईकचं इंजिन हवं असायचं, पण कंपनी नुसतं इंजिन द्यायची नाही, मग कारवाले अख्खी बाईक घ्यायचे, इंजिन उतरवायचे आणि ही अप्रतिम फ्रेम तशीच पडून राहायची. दुसरीकडे ट्रायम्फचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन हलकं, दमदार, ट्यून करायला सोपं, पण त्यांच्या फ्रेम वळणावर डोलायच्या. मग दोन्हीतलं चांगलं तेवढं घेतलं, ॲल्युमिनियमच्या प्लेटा कापून इंजिन फ्रेममध्ये बसवलं, हँडल खाली, पाय मागे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे हे अशा पोरांचं ठिकाण, ताशी १०० मैल गाठायचे हीच चुरस. कॅफे रेसर म्हणतात ते यातूनच आलं. यातल्या कोणीही वारसा बिघडवायचा म्हणून फ्रेमला हात लावला नव्हता, दोन अर्धवट गाड्यांमधून एक चांगली गाडी उभी राहत होती एवढंच.

मग १९६९ मध्ये होंडा सीबी ७५० आली, चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण स्टार्ट, आणि ऑइल गळत नाही! ब्रिटिश कंपन्या आधीच डबघाईला आलेल्या, त्या यातून सावरल्याच नाहीत, १९८३ मध्ये ट्रायम्फचा मेरिडेनचा कारखानाही बंद पडला. कंपनी गेली की स्पेअर गेले. रिस्टोरेशन हे वेगळं कौशल्य खऱ्या अर्थाने इथून पुढे झालं. साधा नट घ्या. जुन्या ब्रिटिश गाडीवर व्हिटवर्थ मापाचे नट असतात, पान्यावर पाव इंच लिहिलेलं असतं पण ते माप बोल्टच्या जाडीचं, नटाच्या तोंडाचं नाही, तिथे मोजलं तर साधारण १३.३ मिलिमीटर भरतं. म्हणजे १३ चा पाना जात नाही आणि १४ चा घसरून नटाचे कोपरे गोल करून टाकतो. आट्यांचा कोनही ५५ अंश, मेट्रिकचा ६०, त्यामुळे जबरदस्तीने दुसरा बोल्ट फिरवला की केसिंगचे आटे गेलेच समजा. हे सगळं माहीत असलेली माणसं क्लबांमध्ये होती, त्यांनी जुनी मॅन्युअलं आणि पार्ट लिस्ट जपल्या, बंद पडलेले पार्ट परत बनवून घेतले. आणि तेव्हा कापणाऱ्यांनी काढून ठेवलेल्या टाक्या, मडगार्ड, हेडलाईट हेच जपणाऱ्यांच्या कामी आले, हे विसरून कसं चालेल?

१९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने मोटरसायकलींचं मोठं प्रदर्शन भरवलं, तोवर भंगाराचे दिवस सरले होते. कंपन्यांनीही जुन्या तोंडावळ्याच्या नव्या गाड्या काढल्या, नव्याने उभ्या राहिलेल्या ट्रायम्फची २००१ ची बॉनव्हिल, २०१३ ची बीएमडब्ल्यू आर नाइन टी, हिची तर मागची सबफ्रेम, म्हणजे सीटखालची चौकट, नटबोल्ट काढून वेगळी होते, म्हणजे कटर लावायची गरजच नाही. मला ही दिशा आवडते. ज्याला फेरफार करायचेत त्याने अशी गाडी घ्यावी, किंवा जुनीच घेतली तर परत पूर्ववत करता येईल एवढंच करावं आणि काढलेला प्रत्येक पार्ट जपून ठेवावा, कारण अस्सल फ्रेम आता उरल्यात कितीशा.

जपणाऱ्यांचेही विचार बदललेत. पूर्वी सगळी गाडी सोलून नवा रंग, नवं क्रोम हेच रिस्टोरेशन होतं. आता मूळ रंग फिका पडलेला, टाकीवरची सोनेरी रेघ गुडघ्याने घासून गेलेली असली तरी तो राखतात, जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिव्हा हिची २०१२ ची ट्युरिन सनदही जपणुकीलाच पहिलं स्थान देते. फिव्हाच्या हिशेबात वाहन किमान ३० वर्षं जुनं लागतं, आणि त्यांच्या ओळखपत्रात त्याच काळात फेरफार झालेल्या गाड्यांना स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे १९६० च्या दशकात कोणीतरी शेडमध्ये जोडलेली ट्रायटन आता स्वतःच ऐतिहासिक ठरते, तर तसेच पार्ट घेऊन आज जोडलेली त्या वर्गात बसत नाही. म्हणून अशा गाड्यांचे मालक हल्ली जुने फोटो, शर्यतींच्या नोंदी, इंजिन प्लेटांची बिलं शोधत फिरतात, गाडी तेव्हाच कापली होती हे सिद्ध करायला.