एलईडी स्ट्रिपच्या करंटचा हिशोब कोडमधे कसा आला

आधीच्या साध्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी पट्ट्या अख्ख्या एकाच रंगात पेटायच्या, त्यामुळे किती अँपिअर लागणार हे लांबीवरून आधीच कळायचं. २०१३ च्या आसपास वर्ल्डसेमी या कंपनीच्या डब्ल्यूएस२८१२ पट्ट्या हौशी लोकांपर्यंत पोचल्या (अ‍ॅडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने त्यांना निओपिक्सेल नाव दिलं) आणि हा सोपा हिशोब संपला, कारण आता चिप थेट एलईडीच्या आतच, प्रत्येक पिक्सेलचा (म्हणजे एकेका एलईडीचा) रंग वेगळा, म्हणजे त्या क्षणी पट्टीवर काय दिसतंय त्यावर करंट ठरणार. साधारण एका रंगाला २० मिलीअँपिअर, फुल पांढऱ्याला ६०. मीटरला ६० एलईडी वाली ५ मीटर पट्टी घेतली तर १८ अँपिअर, ५ व्होल्टवर ९० वॅट! अडॅप्टर कमी पडला की व्होल्टेज घसरतं, निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात म्हणून शेवटच्या टोकाचा पांढरा लालसर होतो, वर पट्टी चालवणारा कंट्रोलर रीसेट होतो ते वेगळंच.

मग लोक काय करायचे, तर ब्राइटनेस कायमचा कमी. म्हणजे कधीतरी येणाऱ्या एका पांढऱ्या झोतासाठी बाकी सगळं अ‍ॅनिमेशन मंद.

यावरचा खरा सुंदर विचार आला डॅनिएल गार्सिया आणि मार्क क्रीग्समन यांच्या फास्टएलईडी लायब्ररीत (पट्टी चालवायचा तयार कोड). सेन्सर वगैरे काही नाही, रंगांचे आकडे मेमरीत आहेतच ना, त्यांचीच बेरीज करा: फुल लालला ८० मिलीवॅट, हिरव्याला ५५, निळ्याला ७५, बंद पिक्सेललाही ५. बेरीज मर्यादेच्या वर गेली तरच त्या फ्रेमचा (अ‍ॅनिमेशनच्या त्या एका चित्राचा) ब्राइटनेस उतरतो, बाकी फ्रेम जशाच्या तशा. हे आकडे वेगवेगळ्या पट्ट्या प्रत्यक्ष मोजून काढलेत आणि ते अंदाजे आहेत असं कोडमधेच स्पष्ट लिहिलंय, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्या हिशोबाने फुल पांढरा म्हणजे सगळे मिळून २१५ मिलीवॅट, ५ व्होल्टवर ४३ मिलीअँपिअर, ६० नाही. गार्सिया २०१९ मधे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कन्सेप्शन नावाच्या बोटीच्या आगीत गेला, लायब्ररी आजही चालू आहे.

पुढे डब्ल्यूएलईडी या पट्ट्या चालवायच्या तयार सॉफ्टवेअरने हीच सोय सेटिंगच्या पानावर आणली, अडॅप्टरचे मिलीअँपिअर टाका, झालं, कोडला हातही लावायचा नाही. तारेत पडणारं व्होल्टेज मात्र या बेरजेत कुठेच नाही, त्यामुळे जाड वायर लागतेच, आणि फ्यूजही हवाच. आणि काळा रंग दाखवणाऱ्या, म्हणजे विझलेल्या ३०० पिक्सेलच्या चिपा मिळून ३०० मिलीअँपिअरच्या आसपास खातातच, ते ब्राइटनेस शून्य करून थांबत नाही, म्हणून डब्ल्यूएलईडीत रिलेची (कोडने चालणाऱ्या स्विचची) पिन आहे, दिवे बंद केले की पट्टीचा सप्लायच तोडते.