हातघडणीची आकृतिरूप मृत्पात्रे

चाकाशिवाय, केवळ हातांनी घडवलेली आणि माणूस, पशू किंवा पक्षी यांचे रूप घेतलेली मातीची भांडी व शिल्पे. भाजलेल्या मातीच्या आकृती भांड्यांपेक्षाही जुन्या आहेत. चेक प्रजासत्ताकातील डोल्नी व्हेस्टोनित्से येथे १९२५ मध्ये मिळालेली, सुमारे ११ सेंमी उंचीची स्त्रीमूर्ती पंचवीस हजार वर्षांहून जुनी मानतात.

सिरॅमिक्सच्या वर्गात सुरुवात बहुधा चिमटीच्या वाटीने होते, म्हणजे मातीच्या गोळ्यात अंगठा खुपसून चिमटीने भिंत पातळ करत घडवलेल्या वाटीने. अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या की पोकळ धड मिळते; त्यातूनच घुबड, कासव किंवा बसलेले मांजर निघते. मोठ्या आकृतीसाठी मातीच्या वळ्या, म्हणजे दोरीसारख्या लांब गुंडाळ्या, एकावर एक रचतात. जपानमधील तिसऱ्या ते सहाव्या शतकांतील 'हानिवा' आकृती अशाच वळ्यांच्या आहेत. त्यांचे डोळे आणि तोंड म्हणजे भिंतीला आरपार पाडलेली भोके. एवढ्याशा युक्तीने चेहरा जिवंत होतो.

आकृती पोकळ ठेवण्यामागे कारण आहे. हवेच्या बुडबुड्याने वस्तू भट्टीत फुटते असा समज सर्रास आढळतो. खरा दोष ओलीचा असतो. जाड भागात उरलेल्या पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ होते आणि ती वाट न मिळाल्याने माती फोडते. म्हणून भिंत सर्वत्र साधारण एक सेंमी ठेवावी आणि बंद पोकळीला, शक्यतो तळाशी, एक भोक द्यावे.

सांध्यांवर मात्र सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा. कान जोडताना दोन्ही पृष्ठे काट्याने खरवडून त्यांवर मातीचा दाट घोळ लावतात. कान किंचित हलवत दाबला की घोळ कडेने बाहेर येतो. तो बोटाने दोन्हीकडे ओढून सांधा बुजवायचा. पातळ कान धडाआधी वाळतो, आक्रसतो आणि सांध्यातून सुटू पाहतो, म्हणून त्यावर प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून ठेवतात.

सजावटीचा विचार कागदावरच, समोरून आणि बाजूने रेखाटन करताना झाला पाहिजे, कारण प्रत्येक कामाला मातीची ठरावीक अवस्था लागते. पिसे, लोकर असे पोत माती मऊ असताना उमटतात. रंगीत मातीचा घोळ लावून तो खरवडणे किंवा गुळगुळीत दगडाने घोटणे ही कामे माती अर्धी वाळल्यावर करायची. पहिली भाजणी साधारण १००० अंशांवर होते आणि त्यानंतर झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढते. जाड, अपारदर्शक झिलई कष्टाने कोरलेले बारकावे बुजवून टाकते. अशा आकृतीला लोह ऑक्साइडचे पाणी अधिक शोभते: ते सगळीकडे लावून ओल्या स्पंजाने पुसले की उंचवटे उजळतात, रेषांत काळसर तपकिरी रंग उरतो. झिलई दिलीच, तर भट्टीत ठेवण्यापूर्वी तळ पुसून कोरा करावा लागतो, नाहीतर वस्तू भट्टीच्या फळीला चिकटते.