माणसं गेली की जन्मलीच नाहीत?

सड्यावरच्या एखाद्या वाडीतली शाळा पटाअभावी बंद पडली की सिंधुदुर्गात नाक्यावर दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "हल्ली पोरां होतत खंय?" आणि "सगळे मुंबयक गेले." दोन्ही एका दमात म्हटली जातात, जणू एकच गोष्ट. पण हे दोन निराळे हिशोब आहेत आणि त्यांची गल्लत झाली की कोकणाचे आकडे उलटे वाचले जातात.

गणित साधं आहे. जन्मलेले मिळवा, मेलेले वजा करा. आलेले मिळवा, गेलेले वजा करा. जगाच्या हिशोबात आलेले-गेलेले शून्य असतात. एखाद्या जिल्ह्याचं भवितव्य मात्र त्यांच्यावरच ठरू शकतं.

रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. जवळपास ८२ हजारांची घट. सिंधुदुर्गात १९ हजारांची. त्याच दशकात महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा तब्बल ३६ टक्क्यांनी. २०११ च्या सुमारास राज्यात हजारी १७ च्या आसपास जन्म आणि ६ च्या आसपास मृत्यू होत होते. म्हणजे पाळणे हलत होते. घट झाली ती कल्याण-डोंबिवली, विरार-नालासोपाऱ्याकडे गेलेल्या बिऱ्हाडांमुळे.

याचा पुरावा स्त्री-पुरुष प्रमाणात सापडतो. २०११ मध्ये राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत ११२२. हा काही स्त्री-सन्मानाचा विक्रम नव्हे (कौतुकाने तसं सांगणारे भेटतात), पुरुष मुंबईत असल्याची ती खूण. गिरण्यांच्या काळापासून चाकरमानी एकटा जायचा, खोलीत दहाजणांत राहायचा आणि मनीऑर्डर पाठवायचा. बायको-मुलं गावी. त्यामुळे पुरुष कमी असूनही शाळेचा पट भरलेला असे. पण २००१ मध्ये हेच प्रमाण ११३६ होतं. सिंधुदुर्गात तर ते १०७९ वरून १०३६ वर आलं. मी त्याचा अर्थ असा लावतो की आता एकटा पुरुष जात नाही, अख्खं बिऱ्हाड जातं. शाळा ओस पडते ती इथे.

जनगणनेची वेळही लक्षात घ्या. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, शिमगा १९ मार्चला. घराला कुलूप असताना मोजणारा येऊन गेला. पालखी नाचवायला माणसं आली ती नंतर. गणपतीत भरलेली वाडी बघून ज्याला जनगणना खोटी वाटते, त्याला चाकरमानी तिकडे मोजला जातो हे कुणीतरी सांगायला हवं.

आता दुसरा हिशोब. जपानात २०२३ मध्ये सुमारे सव्वासात लाख जन्म झाले आणि पावणेसोळा लाख मृत्यू. तिथली माणसं कुठे गेलेली नाहीत, त्यामुळे सणाला परत येण्याचा प्रश्नच नाही. बालमृत्यू घटले, मुली शिकल्या, लग्नं लांबली, संततिनियमन हाताशी आलं, मूल वाढवणं महागलं, की कुटुंब लहान होतं. पिढीच्या जागी पिढी उभी राहायला बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा १.७ होता.

मग राज्य आकसायला लागलं का? लगेच नाही. आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली अजून आई होण्याच्या वयात असतात. प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी आयांची संख्याच इतकी असते की एकूण जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतात. केरळ नव्वदच्या सुमारासच २.१ च्या खाली गेलं, तरी २००१ ची ३.१८ कोटी लोकसंख्या २०११ मध्ये ३.३४ कोटी झाली. म्हणजे जननदर घसरला की लोकसंख्या घटायला काही दशकं लागतात. बिऱ्हाड हललं की घट पुढच्याच जनगणनेत दिसते.

कोकणात गुंता होतो तो पहिल्या हिशोबातून दुसरा निघतो म्हणून. पंचविशीतलं जोडपं गेलं की दोन माणसं वजा होतात आणि त्यांची मुलंही तिकडे मोजली जातात. मागे म्हातारे उरतात, मग हजारी मृत्यू वाढलेले दिसतात, आरोग्य कितीही सुधारलेलं असो.

जन्मनोंदणीही फसवते. नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते. डोंबिवलीची सून पहिल्या बाळंतपणाला चिपळूणला माहेरी आली, तर बाळाचा दाखला चिपळूणचा. तीन-चार महिन्यांनी बाळ आईबरोबर परत जातं आणि सहा वर्षांनी बालवाडी संपवून शाळेत बसतं ते डोंबिवलीतच.

गेलेल्यांची जागा भरू शकते, हाही फरक आहे. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर नेपाळी कामगार आज सर्रास दिसतात. काम असेल तिथे माणूस येतो. त्यामुळे जननदर वाढवायच्या गप्पा रत्नागिरीपुरत्या मला फिजूल वाटतात. इथे विचारायचं ते तालुक्याच्या गावात बारमाही रोजगार किती आणि पोरांना बारावीनंतर शिकायला काय.