चारा छावण्यांची पार्श्वभूमी: परवाना कुणाला, दंड कुणाला

दुष्काळ जाहीर झाला की महिन्याभरात छावण्यांची, म्हणजे गावोगावची जनावरे एकत्र ठेवून त्यांना चारा-पाणी देण्याच्या तात्पुरत्या तळांची, मागणी सुरू होते, आणि छावण्या सुरू झाल्या की महिन्याभरात बोगस जनावरांच्या बातम्या येऊ लागतात. २०१२ ते २०१९ दरम्यानच्या प्रत्येक मोठ्या टंचाईत हेच घडले. दर वेळी चर्चा होते ती नोंदवहीत किती जनावरे जास्त दाखवली याची. छावणी चालवायला कुणाला दिली आणि कशाच्या जोरावर दिली, हे मात्र बाजूला पडते. या टिपणाचा भर त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा आला. त्या चौकटीत मुख्य विचार माणसांचा होता: कामावर मजुरी आणि अपंग-वृद्धांना फुकट अन्न. गुरांचा विचार दुय्यम राहिला. १८९९-१९०० मध्ये मुंबई इलाख्याच्या गुजरात भागात गुरे लाखोंनी मेली, तेव्हा त्याची किंमत कळली. १९७२ च्या दुष्काळातही सरकारी खर्चाचा मोठा ओघ मजुरीकडेच होता. मे १९७३ च्या सुमारास राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. कामावर नसलेल्या माणसांची नावे हजेरीपटावर चढवण्याची तक्रारही तिथलीच. हजेरीपटावरच्या त्या नावांची जागा पुढे छावणीच्या नोंदवहीतल्या म्हशींनी घेतली.

आज आपण ज्याला छावणी म्हणतो, तिचा साचा २००३ च्या आसपास माणदेशातल्या (सातारा-सांगली-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातल्या) टंचाईत दिसू लागला आणि २०१२-१३ मध्ये पक्का झाला. साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती, सहकारी संस्था किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करणार. तहसील पातळीवर शिफारस होणार आणि जिल्हा प्रशासन मंजुरी देणार. चारा, पाणी, सावली, पेंड ही जबाबदारी छावणीचालकाची. सरकार दर जनावरामागे, दर दिवसाला, ठरलेले अनुदान देणार.

या साच्यात निविदा नाही. पाण्याच्या टँकरला निविदा निघते, दर ठरतो, जीपीएस लावावे लागते. त्यातही खेपांचे घोटाळे होतात, पण निदान कंत्राटदार कोण आणि कोणत्या दराने आला हे कागदावर सापडते. छावणीचा दर सगळ्यांना सारखाच असल्याने स्पर्धा किमतीची नसते. ती मंजुरी मिळवण्याची असते. मंजुरीसाठी लागतात अनामत भरायला पैसे, देयक निघेपर्यंत काही महिने पदरचा चारा घालण्याची ऐपत, आणि शिफारस करणाऱ्यांपर्यंत पोच. गावातल्या महिला बचत गटाकडे किंवा छोट्या दूध संस्थेकडे या तिन्ही गोष्टी क्वचितच असतात. ज्याच्या ताब्यात कारखाना किंवा पतसंस्था आहे, त्याच्याकडे असतात. त्यामुळे छावण्यांच्या प्रवेशद्वारावर कुणाचे फोटो लागले होते हे त्या भागात फिरलेल्या कुणालाही आठवेल. यात नियम मोडावा लागत नाही, नियमच तसा लिहिलेला आहे. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे.

छावणीत पैसा कुठे मुरतो हे एका साध्या हिशेबात दिसते. २०१८-१९ मध्ये केंद्राच्या आपत्ती निकषानुसार मोठ्या जनावराला दिवसाला ७० आणि लहान जनावराला ३५ रुपये होते. राज्याने त्यात भर घालून ते ९० आणि ४५ केले, मे २०१९ मध्ये १०० आणि ५०. पाचशे मोठ्या जनावरांच्या छावणीत शंभर जनावरे केवळ वहीत असतील, तर ९० रुपयांच्या दराने दिवसाला ९,००० आणि महिन्याला २ लाख ७० हजार रुपये जादा निघतात. दुसरी वाट वजनाची. मोठ्या जनावराला १५ किलो हिरवा चारा, असे प्रमाण ठरलेले. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हिरवा चारा म्हणजे ऊस आणि उसाचे वाढे. ट्रॅक्टर येतो, मोळ्या टाकल्या जातात, आणि प्रत्येक दावणीपुढे १५ किलो पडले की ११, हे बघायला वजनकाटा घेऊन कुणी उभे नसते. त्या हंगामात उसाचा मूळ हमीदर क्विंटलला २७५ रुपये होता, म्हणजे १५ किलोचे ४१ रुपये. दुष्काळात चाऱ्याचा ऊस याहून महाग जातो, वाहतूक वेगळी, पेंड वेगळी, हे खरे आहे. पण ज्याचा कारखाना त्याचीच छावणी आणि त्याच्याच क्षेत्रातला ऊस असेल, तर विकणारा आणि घेणारा एकच होतो आणि भाव विचारणारा कुणी उरत नाही.

आता सगळ्यात वादग्रस्त निर्णयाकडे. २०१२ ते २०१४ या काळातल्या छावण्यांची तपासणी झाली तेव्हा नगर, सोलापूर, सातारा, सांगली यांसह पाच जिल्ह्यांत हजाराहून अधिक छावण्यांमध्ये दोष सापडले. दहातल्या एखाद-दोन छावण्या बिघडल्या असत्या तर चालकांना दोष देऊन भागले असते. इथे तपासलेल्यांतल्या बहुसंख्य छावण्या दोषी निघाल्या. प्रशासनाने यावर मार्ग काढला तो दंडाचा. दोषानुसार रक्कम ठरवायची, ती देयकातून कापायची आणि विषय मिटवायचा.

दंडाच्या बाजूने जे सांगितले गेले ते अगदीच पोकळ नव्हते. दोषांच्या यादीत व्हिडिओ चित्रीकरण नाही, दैनंदिन अहवाल उशिरा दिला, फलक लावला नाही, नोंदवहीवर सही नाही, असे बरेच काही होते. दुष्काळात रात्रंदिवस जनावरे सांभाळणाऱ्या चालकावर सही राहिली म्हणून फौजदारी लावणे कुणालाही पटणार नाही. पण त्याच यादीत जनावरांची संख्या फुगवणे आणि चारा कमी देणे हेही होते. फलक न लावणे आणि नसलेल्या म्हशीचे पैसे उचलणे एकाच तक्त्यात बसवले, दोन्हींना ‘अनियमितता’ म्हटले, आणि दोन्हींवर उपाय एकच ठेवला: कपात. त्यामुळे फुगवलेली संख्या सापडली तर थोडे पैसे परत, सापडली नाही तर सगळे आपले, असा सरळ व्यवहार उरला. तपासणी रोज होत नसताना कोणता हिशेबी माणूस यातून काय शिकेल हे उघड आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका याचिकाकर्त्याने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. दोष सापडलेल्या छावण्यांवर गुन्हे का नोंदवले नाहीत, असे न्यायालयाने सरकारला विचारले आणि पुढे तालुक्या-तालुक्यात गुन्हे दाखल होऊ लागले. त्यावर उलट ओरड झाली, की किरकोळ त्रुटी असलेले आणि खरोखर लुबाडणारे पुन्हा एकाच रांगेत उभे केले. तक्रार खरी होती. पण ही सरमिसळ न्यायालयाने केलेली नव्हती. दोन प्रकारचे दोष पहिल्याच तपासणीत वेगळे काढले असते, तर प्रामाणिक चालकाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली नसती आणि लबाडाला दंड भरून सुटता आले नसते. मधल्या काळात पुरावाही गेला. जनावर परत गेले, विकले गेले किंवा मेले, आणि चार वर्षांनी वहीतल्या नोंदीची पडताळणी करायला दावणीला काहीच नव्हते. मंजुरीची शिफारस करणारे आणि रोजच्या पंचनाम्यावर सह्या करणारे तर या वादात बाहेरच राहिले.

सगळ्याच छावण्या अशा नव्हत्या, हेही नोंदवले पाहिजे. माण तालुक्यात म्हसवडला एका संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली छावणी वर्षभराहून अधिक काळ चालली. हजारो जनावरे तिथे जगली आणि त्यांच्याबरोबर कुटुंबे राहिली. छावणी हा प्रकार बंद करा, असे म्हणणाऱ्यांनी तिथल्या बायकांना एकदा विचारायला हवे.

२०१५-१६ मध्ये मराठवाड्यातल्या बीड, उस्मानाबाद, लातूर जिल्ह्यांत छावण्या उघडल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये, उन्हाळा तोंडावर असताना, चारा पुरेसा असल्याचे सांगून त्या बंद करण्याचा आदेश निघाला आणि आरडाओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे पडला. त्या काळात ‘छावणी नको, दावणीला चारा द्या’ ही मागणी जोर धरू लागली होती. अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा करा, चारा त्याचा तो आणेल, जनावर घरीच राहील, मध्ये चालक नको.

ऑक्टोबर २०१८ अखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा सरकारच्या बाजूनेही थेट खात्यात पैसे देण्याची भाषा झाली. त्यावरचे आक्षेप दोन होते: मिळालेले पैसे शेतकरी दुसरीकडे खर्च करील, आणि पैसे असले तरी बाजारात चारा मिळायला हवा. दुसरा आक्षेप वजनदार आहे. पाचशे रुपये हातात असले तरी बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या वाडीवर ऊस कोण आणून देणार? पण चारा डेपो आणि खात्यात अनुदान एकत्र चालवणे शक्य होते, तो प्रयोग झाला नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा छावण्याच आल्या. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये होती, विधानसभेची ऑक्टोबरमध्ये. शेकडो शेतकरी महिनोन्‌महिने एका ठिकाणी मुक्कामाला, समोर छावणीचालकाच्या नेत्याचा फलक, ही सोय खात्यातल्या अनुदानाने मिळत नाही. ज्यांनी छावणीच्या बाजूने निर्णय घेतला, त्यांच्या मनात हे नव्हते असे मानणे मला अवघड जाते.

मे २०१९ पर्यंत छावण्या दीड हजारांच्या घरात आणि जनावरे दहा लाखांच्या आसपास गेली. या वेळी जनावरांना बारकोडचे टॅग लावून मोबाइलवर स्कॅन करण्याची पद्धत आणली. तिचा काही उपयोग झाला, काही ठिकाणी नेटवर्कच नव्हते. बीड जिल्ह्यात अचानक तपासण्या झाल्या तेव्हा वहीतली आणि दावणीवरची संख्या जुळेना. अशा वेळी पथकाला मिळणारे उत्तर ठरलेले असते: ‘शेतकरी जनावर घरी घेऊन गेलाय, सकाळी आणील.’ एका शेतकऱ्याची पाचच जनावरे घ्यायची ही अटही नोंदी वाकड्या करणारी होती. ज्याच्या घरी आठ जनावरे, त्याची उरलेली तीन कुणाच्या तरी नावावर चढणारच. ही अट नंतर शिथिल केली, पण तोवर उन्हाळा सरत आला होता.

त्या हंगामाची देयके सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोला आणि मंगळवेढ्याकडे, वर्षानुवर्षे अडकून राहिली. उधारीवर ऊस देणारे शेतकरी आणि कडबा देणारे व्यापारी चालकांच्या दारात बसले. यात सर्वांत आधी मोडले ते छोटे चालक, कारण कारखानदाराला थकबाकी पेलते. पुढच्या टंचाईत अर्ज करायला तेवढेच कमी लोक उरले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा प्रशासनाचा कल छावण्या टाळण्याकडे होता. चाऱ्याचे बियाणे वाटणे, जिल्ह्याबाहेर चारा नेण्यास बंदी, असे उपाय पुढे आले. केंद्राचा निकष तेव्हा मोठ्या जनावराला ८० आणि लहानाला ४५ रुपये होता. निविदा नसलेली मंजुरी, उशिरा निघणारे देयक आणि सगळ्या दोषांना एकच दंड, या तीन गोष्टींना मात्र २०१३ पासून हात लागलेला नाही.