टेफ्लॉनमध्ये काय मिसळलंय?

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणीच्या पंपांना उसंत नसते. पंपातलं सील, म्हणजे गळती रोखणारी कडी, दोन बाजूंनी मार खातं. दट्ट्या सतत घासत असतो आणि मोरचूद, चुना, गंधक अंगावर येत असतं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवर असं सील करून घ्यायचं तर नुसतं ‘टेफ्लॉनचं करा’ म्हणून भागत नाही. साधं की काच (ग्लास), कार्बन किंवा ब्रॉन्झ मिसळलेलं, हे ठरवावं लागतं.

पूर्वी पंपात चामड्याचा वायसर असे. तेल मुरवून बसवायचा. वाळला की कडक व्हायचा. मग रबर आलं, पण साधं रबर तेलकट औषधात फुगतं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरोथर्स यांचं १९३५ सालचं नायलॉन चिवट खरं, पण तेही पाणी पितं आणि तीव्र आम्लात टिकत नाही.

६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्युपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरमधून वायू येईना. वजन मात्र भरल्या सिलिंडरचं. कापून पाहिलं तर आत मेणचट पांढरी पूड! हेच टेफ्लॉन. कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरीनचं घट्ट कवच असल्याने बहुतेक रसायनं त्याला शिवत नाहीत. महायुद्धात अणुबाँब प्रकल्पातल्या जहाल युरेनियम हेक्साफ्लोराइडपुढे त्याचीच सीलं टिकली.

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हा समज मात्र चुकीचा आहे आणि तो अजून कायम आहे. टेफ्लॉनचा घर्षणगुणांक ०.०५ ते ०.१ इतका कमी असतो, कारण त्याचे थर सहज सरकतात. पण म्हणूनच ते पापुद्र्यांसारखे सुटतातही. दाबाखाली ते हळूहळू पसरतंही. म्हणून त्यात भरण घालू लागले: वजनाने १५ ते २५ टक्के काचतंतू, ४० ते ६० टक्के ब्रॉन्झ, नाहीतर कार्बन आणि ग्रॅफाइट. भरणामुळे मोठे पापुद्रे सुटत नाहीत. समोरच्या धातूवर टेफ्लॉनचा पातळ लेप बसतो, मग टेफ्लॉन टेफ्लॉनवरच घासतं. झीज शेकडो पटींनी घटते.

पण भरणाला फ्लोरीनचं कवच नसतं. ब्रॉन्झला आम्ल खातं, काचेला तीव्र अल्कली; शिवाय काच मऊ शाफ्टवर ओरखडे काढते. मोरचुदाचं द्रावण आम्लधर्मी, चुन्याचं अल्कधर्मी. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारणाऱ्या पंपाला मी कार्बनवालंच सुचवेन.

२००० नंतर अल्युमिनाच्या (अल्युमिनियम ऑक्साइडच्या) अतिसूक्ष्म कणांनी याहून मोठी मजल मारली. काही टक्के कणांनीच झीज हजारो पटींनी घटली. घासताना साखळ्या तुटतात, त्यांची टोकं हवेतल्या ऑक्सिजन-बाष्पाशी संयोग पावून आम्लगट बनतात आणि ते धातूला व कणांना घट्ट धरतात. म्हणजे ज्या टेफ्लॉनला आपण निष्क्रिय म्हणत आलो, त्याचा टिकाऊपणा इथे रासायनिक क्रियेतूनच येतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात मात्र हाच पदार्थ पुन्हा कितीतरी वेगाने झिजतो.