पितळी पात्याचा खंजीर

फिलिपीन्सच्या जुन्या शस्त्रांत मान पोलादाचा. दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू बेटांवरच्या मोरो या मुस्लिम लोकांचा नागमोडी कालिस, पानाच्या आकाराचा बारोंग, कमरेला खोचायचा छोटा गुनोंग या सगळ्यांची पाती पोलादाची असतात. पितळ दिसतं ते मुठीवर आणि म्यानाच्या पट्ट्यांवर. मिंदानाओच्या लानाओ देल सुर प्रांतातलं तुगाया गाव तर पितळेच्या ओतकामासाठीच ओळखलं जातं. म्हणून पातंच पितळेचं किंवा तांब्याचं असलेला खंजीर हाती आला, की पहिला प्रश्न पडतो: हा कापण्यासाठी घडवलाच नसेल का?

बहुतेक वेळा नसतोच, आणि त्याचं कारण धातूतच आहे. लाल तापवून पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं. लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. तांब्या-पितळेला पाणी चढत नाही. तापवलं की ते मऊच पडतं, मग पाण्यात बुडवा नाहीतर हवेत निवू द्या. त्याला कडकपणा येतो तो थंड असताना ठोकल्याने. पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाने भांडं कणखर होतं ते याच गुणामुळे. पण त्यालाही मर्यादा आहे. विकर्स मोजमापात मऊ पितळेची कठिणता साधारण ६५ भरते. भरपूर ठोकल्यावर ती १८०च्या आसपास जाते. पाणी दिलेल्या चांगल्या पोलादाची धार ६००च्या वर असते. पितळी पातं भोसकू शकेल, पण त्याची धार फार टिकणार नाही.

मग ते घडवलं कशासाठी? काही खंजिरांवर त्याचं उत्तर कोरलेलंच असतं. त्रिकोणातला डोळा, क्रूस आणि लॅटिन, स्पॅनिश आणि तिथली टागालोग भाषा यांची सरमिसळ असलेले तुटक शब्द. या मंत्रांना तिथे ‘ओरासियोन’ म्हणतात आणि अशा संरक्षक वस्तूंना ‘आंतिंग-आंतिंग’. गळ्यात घालायचे पितळी ताईत हे त्याचं सर्वांत परिचित रूप. गुड फ्रायडेला त्यांच्यात शक्ती भरली जाते अशी श्रद्धा आहे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात लुझोन बेटावरच्या बानाहाव डोंगरावर यात्रेकरूंची रीघ लागते. असा खंजीर माणसाच्या अंगावर उगारायचा नसतो, तो जवळ बाळगायचा असतो. त्याला दुय्यम शस्त्र म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तो जुना आहे का, हे कोरीवकामाच्या खाचांतून पाहावं. पातं काळवंडलेलं आणि खाचा मात्र चकचकीत असतील, तर अक्षरं मागाहून कोरलेली असू शकतात. लोहचुंबक जवळ न्या. तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि पितळेचा फक्त मुलामा. कॅलिपरने पात्याची जाडी बऱ्याच ठिकाणी मोजा. ती कुठेच बदलत नसेल, तर कारखान्यात लाटलेल्या पत्र्याचा संशय येतो. हातोड्याखालून आलेलं पातं इतकं एकसारखं क्वचितच असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ओतीव पितळेत फांद्याफांद्यांचे स्फटिक दिसतात. ठोकून पुन्हा तापवलेल्या पितळेत सरळ समांतर रेघा असलेले कण दिसतात.

क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाणही कळतं. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त आणि शिसं जवळजवळ नाही, असं निघालं तर काडतुसाच्या पितळेची शक्यता मनात ठेवावी. तोफगोळ्यांची रिकामी कवचंही साधारण याच मिश्रणाची असत. मात्र हे उपकरण वरचा पातळ थरच वाचतं, आणि जुन्या पितळेच्या पृष्ठभागावरून जस्त निघून गेलेलं असू शकतं. तिथे गुलाबी, तांबूस डाग दिसतात. एकाच ठिकाणचा आकडा म्हणूनच फसवतो.

आता सफाईबद्दल. पितळ म्हटलं की आपला हात चिंचेकडे जातो. रोजच्या तांब्या-पितळेच्या भांड्याला ते ठीक, पण खंजिराला चिंच लावू नये. आम्ल गंज खातं, त्याबरोबर खाचांतला पुरावाही जातो. अमोनिया असलेलं पॉलिश तर त्याहून घातक. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जायचे. घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेला साठा जास्त बिघडायचा. १९२०च्या सुमारास कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि कवच घडवताना धातूत कोंडलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळेच्या कणांच्या सीमांवरून भेग धावते. उपायही सोपा निघाला. तयार कवच मऊ पडणार नाही इतपतच तापवायचं, म्हणजे ताण निघून जातो.

ठोकून कडक केलेल्या खंजिरात तोच ताण आजही कोंडलेला असू शकतो, आणि जुनी वस्तू तापवून बघणं हा काही संग्राहकाचा मार्ग नव्हे. ती कोरड्या सुती कापडाने पुसावी आणि चामड्याच्या म्यानाबाहेर ठेवावी. चामड्यातली चरबी तांब्याशी जुळून हिरवट, मेणचट थर तयार करते. तसा थर दिसलाच तर तो धातूच्या चाकूने खरवडू नये, लाकडी काडीने हलकेच काढावा.